अस्वस्थ पायांची साडेतीनशे वर्षे

1672 साली थॉमस विलिस या इंग्रज वैद्याचा 'डे अ‍ॅनिमा ब्रुटोरम' हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या वर्तुळाला ज्यांचे नाव आजही आहे, तेच हे विलिस. या ग्रंथात त्यांनी काही रुग्णांची हकिकत लिहिली आहे. रात्री झोपायला म्हणून अंगे टाकली की थोड्याच वेळात त्यांच्या हातापायांत ओढाताण सुरू होई. अंगाची अशी तळमळ होई की झोप तर दूरच, अंथरूणच त्यांना छळाची जागा वाटे. अशा एका प्रतिष्ठित घरातील बाईला विलिस यांनी सुमारे तीन महिने अफूचा अर्क दिला. पुढे इतर औषधांनी रक्तातील दोष दूर झाला, अफू सुटली आणि बाईंना बऱ्यापैकी झोप येऊ लागली, असेही त्यांनी नोंदवले.

आज डॉक्टर ज्याला 'रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम' म्हणतात, त्या विकाराची वैद्यकातील ही पहिली ठळक नोंद मानली जाते. विलिस यांचे शरीरशास्त्र आज कालबाह्य झाले आहे. पण त्यांनी दोन गोष्टी नेमक्या केल्या होत्या. अंगावर कसलीही खूण दिसत नसताना रुग्णाचे म्हणणे खरे मानले आणि दोष शोधताना रक्ताकडे पाहिले. त्यानंतरच्या साडेतीनशे वर्षांत वैद्यकाने या दोन्ही गोष्टी अनेकदा गमावल्या आणि प्रत्येक वेळी मोठी किंमत मोजून पुन्हा मिळवल्या. त्या किमतीचा हिशेब मांडायला हवा, कारण ती अजूनही मोजली जात आहे. आणि जिथे निम्म्याहून अधिक बायकांच्या रक्ताची तक्रार आहे, त्या आपल्या महाराष्ट्रात तर हा हिशेब टाळून चालणारच नाही.

आधी हा त्रास नेमका काय ते पाहू. दिवसभर माणूस कामात असतो, पायांची आठवणही नसते. जेवणे होतात, ओटा आवरला जातो, कोचावर टेकून जरा पाय लांब केले की पोटऱ्यांच्या आत काहीतरी सुरू होते. कोणी म्हणते वळवळते, कोणी म्हणते पाय शिवशिवतात, कोणी म्हणते हाडांच्या आतून ओढ लागते. बहुतेकांना ते धड सांगताच येत नाही. वेदना म्हणावी तर वेदना नाही, खाज म्हणावी तर खाजवायला जागा नाही. पाय हलवला की बरे वाटते आणि थांबवला की पुन्हा तेच. अंथरुणात हा त्रास शिगेला पोहोचतो. मग उठायचे, स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत येरझाऱ्या घालायच्या, गार फरशीवर अनवाणी उभे राहायचे, जुन्या लुगड्याची पट्टी पोटरीवर घट्ट आवळायची. पहाटेच्या सुमारास पाय निवतात, डोळा लागतो आणि तासाभरात दूधवाल्याची हाक येते.

निदानाचे निकष पाच आहेत आणि ते सगळे प्रश्न विचारूनच तपासायचे असतात. पाय हलवण्याची अनावर इच्छा होते का? ती स्वस्थ बसल्यावर किंवा पडल्यावर सुरू होते का? हालचालीने, निदान हालचाल चालू असेपर्यंत, आराम पडतो का? संध्याकाळी आणि रात्री त्रास वाढतो का? आणि याचे दुसरे साधे कारण, म्हणजे पेटके, दबलेली नस, सुजलेल्या शिरा किंवा एकाच स्थितीत अवघडून बसणे, हे नाही ना? पहिले चार निकष तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने 1995 मध्ये ठरवले, पाचवा नंतर जोडला गेला. बसल्या बसल्या पाय हलवणाऱ्या मुलाला आपल्याकडे आजी दटावते, ती सवय निराळी. त्या मुलाला थांबता येते, इथे थांबता येत नाही. एक्स-रेत काही दिसत नाही आणि नसांच्या तपासण्याही बहुधा ठीक येतात. यातील बहुतेकांचे पाय झोपेतही वीस ते चाळीस सेकंदांच्या अंतराने झटका मारतात. अनेकदा ते स्वतःला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला कळते.

तपासणीत काही दिसत नाही, नेमकी हीच गोष्ट या आजाराच्या मुळावर आली. विलिस यांच्यानंतर जवळपास दोन शतके त्यांचे निरीक्षण ग्रंथांत पडून राहिले. 1861 मध्ये जर्मनीच्या थेओडोर विटमाक यांनी तेच दुखणे पुन्हा वर्णिले, त्याला नडग्यांची चिंता अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले आणि हिस्टेरियाचे लक्षण म्हणून त्याची नोंद केली. अमेरिकेत जॉर्ज बिअर्ड यांनी पायांची ही चुळबूळ न्युरॅस्थेनिया, म्हणजे मज्जातंतूंचा थकवा, या सदरात घातली. एकोणिसाव्या शतकातील वैद्यकात बायकांच्या ज्या ज्या तक्रारींचे कारण सापडत नसे, त्या त्या तक्रारी मनाच्या खात्यावर जात. ज्या विकारात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे दुप्पट आहे, जो गरोदरपणात वाढतो आणि रात्री साक्षीदार नसताना छळतो, तो याच खात्यावर जाणार हे उघड होते. एकदा तिथे गेल्यावर रक्त तपासायचे कारणच उरले नाही. रुग्णावर विश्वास न ठेवणे हा केवळ उद्धटपणा नसतो, त्याने संशोधनाची दिशाच बंद होते. या आजाराने ते स्वच्छ दाखवून दिले.

ही दिशा पुन्हा उघडली स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी. दुसरे महायुद्ध संपत असताना, 1944 आणि 1945 मध्ये, या मज्जाविकारतज्ज्ञाने आपल्या रुग्णांवर सविस्तर प्रबंध लिहिला आणि आज रूढ असलेले नावही त्यातूनच आले. एकबोम यांच्याकडे कुठलेही नवे उपकरण नव्हते. ते विचारत आणि ऐकत. दुसऱ्याच दुखण्यासाठी आलेल्यांनाही ते पायांबद्दल विचारत, आणि ही तक्रार किती लोक मुकाट्याने सोसत आहेत ते त्यातून उघड झाले. तक्रार घराण्यात चालते, गरोदर बायकांत जास्त दिसते, रक्तक्षय असलेल्यांत दिसते, इतकेच काय, वारंवार रक्तदान करणाऱ्यांतही दिसते, हे त्यांनी टप्प्याटप्प्याने नोंदवले. मुलांचे रात्रीचे पाय दुखणे आपण 'वाढीचे दुखणे' म्हणून सोडून देतो. त्यातही या विकाराचा विचार करावा लागतो, याकडे त्यांनी 1975 मध्ये लक्ष वेधले.

गरोदरपण, रक्तक्षय आणि रक्तदान यांना जोडणारा धागा एकच, शरीरातील लोहाची ओढ. स्वीडनमधीलच नॉर्डलँडर यांनी तो धागा ओढून पाहिला. 1953 च्या सुमारास त्यांनी शिरेतून लोह देऊन रुग्णांचा त्रास शमतो हे दाखवले. त्यांनी मांडलेली एक शक्यता काळाच्या फार पुढची होती. रक्तातील हिमोग्लोबिन ठीक असतानाही ऊतींमध्ये लोह कमी असू शकते, असे त्यांचे म्हणणे होते. इतका स्वस्त, इतका मुळाशी जाणारा उपाय हाती आल्यावर जगभर तो पोहोचायला हवा होता. तसे झाले नाही. त्या काळची शिरेतून द्यायची लोहाची औषधे धोक्याची होती आणि काहींना जिवावर बेतणारी रिअ‍ॅक्शन येई. लोहाचा साठा मोजण्याची सोपी रक्तचाचणीही नव्हती. रक्तातील फेरिटिन मोजण्याची पद्धत 1972 मध्ये आली. तोवर नॉर्डलँडर यांचा निष्कर्ष जवळपास विस्मरणात गेला होता.

याच गोष्टीचा एक पदर आपल्या मुंबईत उलगडला होता. 1928 मध्ये ल्युसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत आल्या. बाळंतपणात बायका का मरतात, याची चौकशी सुरू होती आणि गरोदरपणातील एका तीव्र रक्तक्षयाचे कारण त्यांना शोधायचे होते. त्यांच्या रुग्णांत मुंबईच्या कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायका होत्या. जंतुसंसर्गाचा संशय विल्स यांनी तपासून बाजूला ठेवला आणि त्या बायकांच्या ताटापर्यंत गेल्या. त्यांच्यासारखेच निकस अन्न प्रयोगातील प्राण्यांना घालून पाहिले आणि यीस्टच्या साध्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो हे 1931 मध्ये जाहीर केले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजे पुढे सापडलेले फॉलिक अ‍ॅसिड. आज प्रत्येक गरोदर बाईला आरोग्यसेविका लोहाबरोबर जे फॉलिक अ‍ॅसिड देते, त्याची मुळे या मुंबईच्या कामात आहेत. त्या चौकशीचा विषय मृत्यू होता, झोप नव्हता, आणि त्या काळी ते योग्यच होते. पण जगल्या-वाचलेल्या बायकांच्या रात्री कशा जात होत्या, हा प्रश्न पुढेही आपण विचारला नाही, ही खंत मात्र राहते.

आपल्या परंपरेला पायांचे हे दुखणे अनोळखी नव्हते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वाताच्या ऐंशी विकारांची यादी आहे. तिच्या सुरुवातीलाच पायांची दुखणी येतात. पादशूल, पादसुप्तता आणि पोटऱ्यांना पीळ पडणे म्हणजे पिंडिकोद्वेष्टन. अस्वप्न, म्हणजे झोप न येणे, त्याच यादीच्या शेवटी आहे. आजच्या निकषांत बसणारा विकार तिथे जसाच्या तसा वर्णिला आहे असा दावा करणे चुकीचे ठरेल. पण पाय आणि झोप या दोन्हींना वैद्यकात मानाचे स्थान होते, एवढे नक्की. घरोघरीही उपाय होते. तळव्यांना तूप लावून काशाच्या वाटीने ते गोल गोल घासत राहायचे. तूप हळूहळू काळे पडते आणि अंगातील उष्णता बाहेर पडली असे म्हातारी माणसे समाधानाने सांगतात. काळेपणा येतो तो धातू आणि तूप यांच्या घर्षणातून. मिळणारा आराम मात्र खरा असतो, कारण त्वचेला आणि स्नायूंना दुसरी संवेदना मिळाली की आतली ओढ काही काळ मागे पडते. पाय चेपणे, नातवाला पोटऱ्यांवर उभे करून पाय तुडवून घेणे, झोपण्यापूर्वी गरम पाण्यात पाय बुडवून बसणे, या सगळ्यांचे काम तेच.

पण याच रीतींनी हा आजार झाकूनही ठेवला. पाय चेपून घेणे हा वडीलधाऱ्यांचा मान आणि चेपणे ही सेवा, अशी वाटणी होती. थकलेल्या सासूबाईंचे पाय दुखतात हे घर मान्य करी. त्यांचे पाय चेपणाऱ्या सुनेच्या पायांत रात्री काय होते, हे विचारायची पद्धतच नव्हती. खरे तर लोहाची ओढ तिलाच जास्त. महिन्याची पाळी, एकामागून एक बाळंतपणे, अंगावर पिणारे मूल आणि सगळ्यांची जेवणे झाल्यावर उरलेले तिचे ताट. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा त्रास सर्वाधिक बळावतो आणि बहुतेकींचा बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ओसरतो. त्यामुळे 'दिवस गेलेत, असं व्हायचंच' या एका वाक्यात तो संपवला जाई. अजूनही जातो.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या टप्प्यात कथेने वेगळेच वळण घेतले. 1982 मध्ये तुर्कस्तानच्या शेवकेत अकपिनार यांनी कंपवातावर दिले जाणारे लेव्होडोपा हे औषध या रुग्णांना दिले आणि त्रास पहिल्याच काही रात्रींत थांबला. वर्षानुवर्षे जागरण केलेल्या माणसाला हा चमत्कारच वाटणार. मेंदूतील डोपामिन या रसायनाचा या विकाराशी संबंध आहे हे त्यातून कळले, आणि हिस्टेरियाचा शिक्का एकदाचा पुसला गेला. एक खुलासा इथे करायला हवा, कारण या भीतीने अनेक जण धास्तावतात. औषध तेच असले तरी हा विकार म्हणजे कंपवात नव्हे किंवा त्याची पूर्वसूचनाही नव्हे.

चमत्काराची दुसरी बाजू 1996 मध्ये समोर आली. अमेरिकेतील रिचर्ड अ‍ॅलन आणि ख्रिस्तोफर अर्ली यांनी दाखवले की लेव्होडोपा काही काळ घेतल्यावर अनेकांचा त्रास उलट वाढतो. रात्री दहाला सुरू होणारी वळवळ सहाला, मग दुपारी चारला सुरू होऊ लागते. पायांत होती ती हातांतही येते. रुग्णाला वाटते औषध कमी पडते, डॉक्टरही मात्रा वाढवतात. दोन महिने बरे जातात आणि मग त्रास आणखी लवकर सुरू होतो. जे औषध विझवते तेच पेटवते आहे, हे ओळखायला रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही वर्षे लागतात. लेव्होडोपाच्या जागी आलेल्या रोपिनिरोल आणि प्रामिपेक्सोल या औषधांत हा धोका कमी असेल अशी आशा होती. तो लांबला, टळला नाही. शिवाय काही रुग्णांना जुगाराचा, बेफाम खरेदीचा अनावर नाद लागल्याचे दिसले. संसार उद्ध्वस्त होईपर्यंत त्याचा संबंध रात्रीच्या गोळीशी कोणी जोडत नसे.

अमेरिकेत 2005 मध्ये रोपिनिरोलला आणि 2006 मध्ये प्रामिपेक्सोलला या आजारासाठी अधिकृत मान्यता मिळाली आणि पाठोपाठ जाहिरातींचा पूर आला. 2006 मध्येच स्टीव्हन वोलोशिन आणि लिसा श्वार्ट्झ या डॉक्टरांनी माध्यमांतील बातम्या तपासून गंभीर इशारा दिला. प्रमाण फुगवून सांगितले जाते, सौम्य त्रास असलेल्यांनाही रुग्ण ठरवले जाते आणि औषधाचे दुष्परिणाम बातम्यांत सापडत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. हा इशारा बरोबर होता. पण त्यातून बऱ्याच लोकांनी चुकीचा धडा घेतला. औषध कंपन्यांनी बनवलेला आजार अशी त्याची संभावना झाली आणि रात्र रात्र चालणाऱ्या माणसांच्या वाट्याला पुन्हा तोच जुना अविश्वास आला. आजाराचा बाजार मांडला गेला म्हणून आजार खोटा ठरत नाही. या विषयावर लिहिताना हे दोन्ही एकाच वेळी ध्यानात ठेवावे लागते.

दरम्यान विज्ञान फिरून लोहापाशी आले होते. 2000 नंतरच्या काही वर्षांत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील अर्ली आणि अ‍ॅलन व पेन स्टेट विद्यापीठाचे जेम्स कॉनर यांच्या अभ्यासांनी एकामागून एक पुरावे दिले. मणक्यातील पाण्यात फेरिटिन कमी, मेंदूच्या एमआरआयमध्ये लोह कमी, मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंच्या पेशींतही लोह कमी. रक्तात लोह पुरेसे असूनही मेंदूतील काही भागांत ते पोहोचत नाही आणि डोपामिनचा कारभार त्यामुळे बिघडतो, असे चित्र उभे राहिले. 2007 मध्ये जर्मनी आणि आइसलँड येथील गटांनी या विकाराशी निगडित जनुकीय बदल शोधले. त्यातील एका बदलाचा संबंध थेट फेरिटिनच्या कमी पातळीशी लागला. नॉर्डलँडर यांची शक्यता अर्ध्या शतकाने खरी ठरली.

2025 मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, तेव्हा वीस वर्षांपूर्वीचा क्रम पूर्ण उलटला. डोपामिन वाढवणारी किंवा त्याची नक्कल करणारी औषधे सरसकट देऊ नयेत, असे सुचवले गेले. गोळ्यांमध्ये गॅबापेंटिन आणि प्रेगॅबालिन या गटाला पहिले स्थान मिळाले. अफूच्या कुळातील औषधे आजही अत्यंत त्रस्त रुग्णांसाठी देखरेखीखाली वापरली जातात, म्हणजे विलिस यांचे औषध अजून कपाटात आहे. पण सर्वांत महत्त्वाची सूचना सर्वांत साधी आहे. त्रास लक्षणीय असेल तर प्रत्येक रुग्णाचे लोह आधी तपासा. प्रौढ व्यक्तीत फेरिटिन 75 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून कमी असेल, अथवा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनावरील लोहाचे प्रमाण, 20 टक्क्यांच्या खाली असेल, तर लोह द्या. गोळ्यांनी भागत नसेल तर आता शिरेतून देण्याची सुरक्षित औषधे आहेत.

हा 75 चा आकडा महाराष्ट्रातील प्रत्येक डॉक्टरच्या टेबलावर लिहून ठेवावा इतका मोलाचा आहे. त्याचे कारण आपल्या लॅबच्या कागदात आहे. बाईचे फेरिटिन 20 आले तर बहुतेक रिपोर्टवर ते ठळक अक्षरांत छापले जात नाही, कारण छापील किमान मर्यादा त्याहून खाली असते. डॉक्टर कागदावर नजर टाकतात आणि 'सगळं नॉर्मल आहे' म्हणतात. पण बहुतेक वेळा फेरिटिन केलेलेच नसते, फक्त हिमोग्लोबिन पाहिलेले असते. कणगीतील धान्य तळाला लागले तरी घरात भाकरी शेवटच्या दिवसापर्यंत थापली जाते. हिमोग्लोबिन ही ती भाकरी आहे आणि फेरिटिन ही कणगी. भाकरी दिसते म्हणून कणगी भरलेली आहे असे मानणे ही घोडचूक आहे.

आणि आपल्याकडे तर भाकरीचीही बोंब आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, महाराष्ट्रात 54.2 टक्के. त्याआधीच्या फेरीत महाराष्ट्राचा आकडा 48 टक्के होता. रक्तक्षयाविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम 1970 पासून आहे, 2018 मध्ये 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' अभियान आले, गोळ्या मोफत आहेत, तरी ही स्थिती. रक्तक्षय असलेल्या प्रत्येकीला पायांचा हा विकार होतो असे मुळीच नाही. बंगळुरूमधील एका पाहणीत सुमारे 2 टक्के लोकांत तो आढळला, युरोप-अमेरिकेतील आकड्यांपेक्षा कमी. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. पण ज्यांना तो आहे, त्यांच्यापैकी कितीतरी जणींचा त्रास लोहाने हलका होऊ शकतो, आणि ही संधी आपण न विचारल्यामुळे दवडतो आहोत.

मूत्रपिंडे निकामी झालेल्यांची दशा तर याहून कठीण. त्यांच्यात हा विकार सर्वसामान्यांपेक्षा खूप अधिक आढळतो. आठवड्यातून दोन-तीनदा, चार चार तास, हाताला सुया लावून डायलिसिसच्या खुर्चीत निश्चल पडून राहायचे आणि पाय मात्र चालायला मागतात, हे सोसणे किती कठीण असेल. कित्येक जण वेळेआधीच यंत्र बंद करायला सांगतात. 'जरा सहन करा हो' म्हणणाऱ्या तंत्रज्ञाला हा आजार माहीत असेल तर पाय चोळायला, हलवायला वाव देता येईल, डॉक्टरांना कळवता येईल. निदान रुग्णाला हट्टी ठरवले जाणार नाही.

या विकारासह जगणाऱ्यांनी आपले शहाणपण स्वतः घडवले आहे. रात्रीच्या एसटीत बाजूची सीट मागायची, नाटकाला कडेची खुर्ची घ्यायची, संध्याकाळनंतर चहा-कॉफी बंद, संध्याकाळी फेरी, रात्री पोटऱ्या ताणायच्या. त्यात काही गोष्टींची भर घालायला हवी, कारण त्या अजून पुरेशा पोहोचलेल्या नाहीत. सर्दीच्या आणि अ‍ॅलर्जीच्या अनेक जुन्या गोळ्यांनी झोप येते म्हणून लोक त्या रात्री घेतात, पण त्यांनीच पायांची वळवळ वाढते. उलटीवरील मेटोक्लोप्रमाइड, नैराश्यावरील आणि मानसिक आजारांवरील काही औषधे, दारू, यांनीही वाढते. मनाच्या आजाराचे औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांशी बोलावे. जेवणावर लगेच चहा घेतल्याने अन्नातील लोह अंगी लागत नाही. त्यामुळे तो तासाभराने घ्यावा. लोहाच्या गोळ्याही तपासणीशिवाय महिनोन्महिने घेऊ नयेत, कारण थॅलेसेमियासारख्या काही विकारांत जादा लोह साचून यकृताला, हृदयाला धोका होतो. आणि जो कोणी लेव्होडोपा, प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल घेत आहे आणि ज्याचा त्रास घड्याळात मागे मागे सरकतो आहे, त्याने मात्रा वाढवून घेण्याआधी मज्जाविकारतज्ज्ञांना हे सरकणे स्पष्ट सांगावे. औषध एकदम तोडल्यास त्रास असह्य होतो, ते हळूहळूच कमी करावे लागते.

साडेतीनशे वर्षांच्या या इतिहासातून एक गोष्ट वारंवार पुढे येते. प्रगती झाली ती कोणीतरी विचारले आणि मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवला तेव्हा. विलिस यांनी ठेवला, एकबोम यांनी ठेवला. ताटापर्यंत गेलेल्या विल्स यांनी रक्तक्षयाच्या बाबतीत तेच केले. अडकलो ते उत्तर माहीत असल्याच्या थाटात रुग्णाला गप्प केले तेव्हा, मग ते हिस्टेरियाच्या नावाने असो, औषधाच्या जाहिरातीने असो किंवा 'दिवसांत असं व्हायचंच' या मायेच्या शब्दांनी असो.

म्हणून मागण्या साध्या आहेत आणि त्या राज्याच्या आरोग्य विभागाकडे, डॉक्टरांच्या संघटनांकडे आणि वैद्यकीय महाविद्यालयांकडे आहेत. गरोदर मातांच्या तपासणीच्या कार्डावर एक ओळ वाढवा, रात्री स्वस्थ पडल्यावर पाय हलवल्याशिवाय राहवत नाही का? हाच प्रश्न डायलिसिस केंद्रांत दर महिन्याला विचारा. उत्तर होकारार्थी आले तर फेरिटिन तपासण्याची सोय जिल्हा रुग्णालयात तरी मोफत असू द्या, आणि रिपोर्टवर या विकारासाठी 75 ही वेगळी मर्यादा छापा. यातील एकाही गोष्टीसाठी नवे यंत्र, नवी इमारत लागत नाही. आशाताईला हा प्रश्न शिकवायला दहा मिनिटे पुरतात, आणि घराघरात तिच्याइतके कोणी पोहोचत नाही.

उरली घरातील माणसे. रात्री दीड वाजता स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालणाऱ्या बाईला 'झोप आता गुपचूप' असे सांगण्याऐवजी, तिला घेऊन दवाखान्यात जा आणि तिच्या वतीने फेरिटिनची चाचणी मागा. तिचे म्हणणे खरे आहे. ते सिद्ध करण्याची जबाबदारी आता तिची राहिलेली नाही.